पुनवेचा प्रयोग

पालघरच्या मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून कमलाकांत चुरी यांनी आयुष्यात एकच गोष्ट कोणाला न विचारता केली. त्यांनी 'नवसंगीत नाट्य उत्तेजक मंडळ' काढलं. मंडळाचे अध्यक्ष ते, चिटणीसही तेच. सभासद म्हणून त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई होत्या, त्याही "माझं नाव घाला, पण सभेला बोलावू नका" या अटीवर. नवीन लिहिणाऱ्यांचं आणि नवीन गाणाऱ्यांचं संगीत नाटक रंगभूमीवर आणायचं, हा मंडळाचा उद्देश. जुनी नाटकं आपल्या पायांवर उभी आहेत, त्यांना पालघरच्या टेकूची गरज नाही, असं कमलाकांतराव म्हणत. वाक्य चांगलं होतं. पण ते त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेजारचे दामूअण्णा त्यांना फाटकात पाहिलं की स्वतःच म्हणून टाकायचे आणि वेळ वाचवायचे.

आता मंडळ निघालं, पण नाटक कुठे होतं? पालघरात कवी पुष्कळ, पण ते सगळे मंगलाष्टकांवर येऊन थांबलेले. नाटक सापडलं दांडीला, बोंबलांच्या दोऱ्यांखाली.

त्याचं असं झालं. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, आणि त्यापायी जमिनींच्या मोजणीला कचेरीतल्या माणसांच्या त्या किनाऱ्यावर खेपा व्हायच्या. अशाच एका खेपेला कमलाकांतराव दांडीच्या वाळूत नाकाला रुमाल लावून उभे होते. समोर बायका बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या आणि गात होत्या:

"चल रे दर्या, कोर्टात चल,
उभा रहा नि खरं बोल,
माझ्या घरचा धनी नेलास,
त्याचं काय दिलंस मोल?"

कमलाकांतरावांनी नाकावरचा रुमाल काढला. दर्याला कोर्टात खेचायचं हे त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणाला सुचलं नव्हतं.

"हे गाणं कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या हंसाचं," एक ठेंगणी, दणकट बाई म्हणाली. ही काशीबाई. बोईसरच्या बाजारात तिच्या पाटीसमोर भाव करायला माणसं दोघं-दोघं मिळून जात. "गाना काय, नाटकच केलंय तिनं आख्खं. रिकामा धंदा! ए हंसा, सायेबांना सांग."

हंसा तामोरे ही काशीबाईची भाची. तारापूरच्या शाळेतून मॅट्रिक झालेली आणि आता मावशीबरोबर बोंबील घालणारी. तिने मान खाली घालून नाटक सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता मान वर आली. 'संगीत दर्यावर दावा'. एका कोळणीचा नवरा दर्यात जातो, परत येत नाही. ती रडत बसत नाही, सरळ दर्यावर दावा ठोकते. पहिल्या अंकात फिर्याद. दुसऱ्यात बेलीफ समन्स घेऊन जातो, तर ओहोटीला प्रतिवादी घरी सापडत नाही, आणि भरतीला समन्सच घेऊन जातो. तिसऱ्या अंकात दर्या कोर्टात उभा राहतो आणि निकाल लागतो.

"निकाल काय लागतो?" कमलाकांतरावांनी घाईघाईने विचारलं.

"तो तिसऱ्या अंकात," हंसा म्हणाली.

त्याच क्षणी कमलाकांतरावांनी मनाशी म्हटलं, की ही मुलगी नाटककार आहे.

घरी येऊन त्यांनी ठाण्याच्या 'ललितरंग' नाट्यसंस्थेच्या नानासाहेब पोंक्ष्यांना पत्र टाकलं. ही संस्था दरवर्षी एक नवं संगीत नाटक निवडून ठाण्याच्या रंगमंचावर थाटात करायची. नानासाहेबांचं उत्तर आलं, ते मात्र थंड होतं. लोकांना हल्ली गाणं नको झालंय, पुढल्या वर्षापासून संस्था संगीत नाटक बंद करणार आहे. हे शेवटचं वर्ष. तरी ते येतील. पण तिन्ही अंक पाहिल्याशिवाय मत देणार नाहीत, अर्धं नाटक वाचून-पाहून आजवर पुष्कळदा फसलेत, आणि रात्रीची शेवटची गाडी चुकवणार नाहीत.

म्हणजे हंसाला संधी एकच होती. तिन्ही अंक, एकाच संध्याकाळी, गाडीच्या आत. पत्र ऐकून ती हातातल्या बोंबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी ते रात्री रात्री जागून केलंय, सायेब. दांडीच्या बाहेर कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं." कमलाकांतरावांना एकदम चष्मा पुसावा लागला. त्यांनी त्याचा ठपका खाऱ्या वाऱ्यावर ठेवला.

इथून पुढे सल्ल्यांना सुरुवात झाली.

पहिला सल्ला अर्थातच दामूअण्णांचा. दामूअण्णा रेल्वेत मालधक्क्यावर होते, आता निवृत्त. तरुणपणी त्यांनी एका कंपनीत नायिकेची कामं केली होती. त्याला पुरावा म्हणजे त्यांच्या दिवाणखान्यातला एक फोटो. त्यात ते शालू नेसून, हनुवटीला बोट लावून उभे आहेत. तो फोटो पाहिल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे.

"कोर्टात कोण गातं रे, कमलाकांत?" दामूअण्णा म्हणाले. "गायल्यावर जामीन मिळतो का? एखादा राजा घाल. राजकन्या घाल. स्वयंवर असलं म्हणजे पदांना जागा मिळते."

"अण्णा, कोळणीच्या गोष्टीत स्वयंवर कुठून आणू?"

"मग निदान ती नायिका मला दे."

"काशीबाई करतेय ती."

"तिला काय येतं?"

"रडायला सोडून सगळं."

दामूअण्णा आठवडाभर रागावले. मग पायपेटी वाजवायच्या बोलीवर परत आले. घरची पायपेटीही देतो म्हणाले. कमलाकांतराव खूष झाले. पायपेटी वजनाला काय असते हे तोवर त्यांनी कधी उचलून पाहिलं नव्हतं.

पुढचं विघ्न परवान्याचं. प्रयोगाला परवाना लागतो, तो मामलेदार कचेरीतून मिळतो, आणि तसले अर्ज येतात अव्वल कारकुनाच्या टेबलावर. कमलाकांतरावांनी मंडळाच्या वतीने अर्ज केला. दुसऱ्या दिवशी तो रीतसर त्यांच्याच टेबलावर आला. आता दुसरा कोणी असता तर डोळे मिटून सही केली असती. पण कमलाकांतराव चुरी म्हणजे ज्यांनी सख्ख्या मेहुण्याचा रेशनकार्डाचा अर्ज शिक्का उलटा म्हणून परत पाठवला होता. त्यांनी अर्ज वाचला. त्यात संहितेच्या प्रती कमी होत्या. जागामालकाचं संमतिपत्र नव्हतं. त्यांनी त्यावर शेरा मारला, 'अर्जदार निष्काळजी दिसतात', आणि अर्ज टपालाने परत पाठवला.

घरी टपाल चंद्रकांताबाईंनी घेतलं.

"अहो, तुम्हांला कोणीतरी निष्काळजी म्हटलंय."

"कोणी?"

"अक्षर तुमचंच दिसतं."

"बरोबर म्हटलंय," कमलाकांतराव म्हणाले. तरी त्यांना जेवण गेलं नाही. माणसाचा अपमान झाला की झाला, करणारा कोण हे नंतर बघायचं.

सगळी पूर्तता करून अर्ज पुन्हा आला. या वेळी त्यांनी तो मंजुरीसाठी वर मामलेदारांकडे ठेवला, आणि मामलेदारांनी निराळीच शंका काढली. "चुरी, प्रतिवादी समुद्र आहे. भरतीच्या रेषेपलीकडचा समुद्र सरकारी. म्हणजे सरकारी मालमत्तेवर जाहीर दावा होतोय. बंदर खात्याची हरकत आहे का, विचारून घ्या."

दुसऱ्या कोणी असला मुद्दा काढला असता तर कमलाकांतराव खवळले असते. पण मुद्दा बिनतोड होता. त्यांना मामलेदारांचा हेवाच वाटला. त्यांनी बंदर खात्याला लिहिलं. बरेच दिवस गेले, आणि उत्तर आलं: 'सदर दर्याने नाटकात काम करण्यास या खात्याची हरकत नाही. मात्र भरतीच्या वेळी होणाऱ्या परिणामास हे खाते जबाबदार राहणार नाही.' हा कागद कमलाकांतरावांनी पुढे चौकटीत लावला. तो अजून आहे.

आता दर्याचं काम कोण करणार? दांडीतला एकही पुरुष तयार होईना. "दर्या आमचा देव. त्याच्या नावानं पिंजऱ्यात कोण उभा राहील? उद्या त्याच्याच अंगावर जायचंय," असं म्हणत सगळ्यांनी अंग काढून घेतलं. शेवटी सापडला तो रामकिसन, बांधकामावरचा मुकादम. उत्तरेकडचा माणूस, आवाज असा की त्याने बोईसरला हाक मारली तर बेटेगावातली कुत्री भुंकायची. मराठी मात्र बेताचं. कमलाकांतरावांनी शुद्ध उच्चारांची शिकवणी सुरू केली, तेव्हा हंसा म्हणाली, "राहू दे, सायेब. दर्या काय आपल्या भाषेत बोलतो? बोलू दे त्याला त्याच्या भाषेत." आणि तिने दर्याची सगळी पदं निम्मी हिंदीत फिरवली. ती पहिल्यापेक्षा चांगली झाली, हे कमलाकांतरावांनी पहिल्याच तालमीत मोठ्याने कबूल केलं. दामूअण्णांनी दोन तालमींनंतर, तोंडातल्या तोंडात.

राहिली तारीख. दांडीत वीज नव्हती, ग्यासबत्त्या मागून आणायच्या होत्या आणि त्याही मोजक्या. कमलाकांतरावांनी पंचांग उघडलं आणि मार्गशीर्षातली पौर्णिमा काढली. वर चांदणं, समोर समुद्र, अंगाला सुखाची थंडी. आपल्या रसिकतेवर ते स्वतःच इतके खूष झाले की त्यांनी चंद्रकांताबाईंना दोनदा सांगितलं.

हंसाला तारीख कळली तशी ती म्हणाली, "सायेब, पुनवेला नको."

"अगं, पहिल्या प्रयोगाला सगळ्यांनाच धाकधूक वाटते."

"तसं नाय. पुनवेला..."

"आमच्या दामूअण्णांना विचार. पहिल्या प्रयोगाला शालूच्या निऱ्या सुटल्या होत्या, तरी पद पुरं केलं."

पुढच्या तालमीला ती पुन्हा म्हणाली. या वेळी कमलाकांतरावांनी तिला धीर म्हणून कलावंताचा आत्मविश्वास या विषयावर चांगलं भाषण दिलं. त्यात पोहायला शिकणाऱ्या माणसाचा दाखलाही दिला. कोळ्याच्या पोरीला! तिसऱ्या वेळी हंसाने तोंड उघडलं आणि मिटलं. सायबांनी ठरवलंय, पोंक्षे सायबांना पत्र गेलंय, आता काय बोलायचं, असं तिच्या मनात आलं असणार. काशीबाईने मात्र एकदा सरळ विचारलं होतं, "सायेब, हे उधानात कशाला काढलंय?" कमलाकांतरावांना वाटलं, ही उधाणावर काहीतरी काव्यमय बोलतेय. ते म्हणाले, "वा!"

प्रयोगाच्या दिवशी पायपेटी बोईसरहून बैलगाडीने निघाली. वाटेत मिठागराच्या बांधावर सामानाच्या ट्रकने भोंगा वाजवला, बैल बुजले आणि पायपेटी मिठागराच्या पाण्यात बसली. उलटी नाही, नीट बसली, जणू आता तिथेच वाजवायचं आहे. रामकिसनच्या माणसांनी ती उपसून काढली, पण पंचमाची एक पट्टी दाबली गेली ती वर येईना. भाता मारला की तो सूर चालूच. दामूअण्णा ऐकत राहिले, मग म्हणाले, "हरकत नाही. तंबोऱ्याचा खर्च वाचला."

दुपारी कमलाकांतराव दांडीत पोचले, तर गावात एक पुरुष दिसेना. म्हातारे होते, बायका होत्या, पोरं होती. न्यायाधीशाचं काम करणारा हंसाचा बाप नव्हता, बेलीफ नव्हता, वकीलही नव्हता.

"माणसं कुठायत?"

"दर्यात," काशीबाई म्हणाली. ती नऊवारी आवळून नथ चढवत होती.

"आज? प्रयोगाला?"

"येतील ना, पाण्याबरोबर येतील. पण तुमच्या नाटकाला वेळेवर पोचायची नायत. आमी तुमाला बोललेलो."

या काय बोलल्या होत्या ते आठवायला वेळ नव्हता. नानासाहेब पोंक्षे टांग्यातून उतरत होते. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात छडी, चेहऱ्यावर आंबट ढेकर आल्याचा भाव. खुर्ची झटकून बसले आणि घड्याळ बघितलं. इकडे कमलाकांतरावांनी बेलीफाचं काम पोस्टातल्या एका उमेदवाराच्या गळ्यात घातलं. वकील गाळला. आणि न्यायाधीश? "सायेब, तुमीच," हंसा म्हणाली. "न्यायाधीश पहिल्या दोन अंकांत नुसता बसतो. तिसऱ्यात बोलतो, तेव्हा मी मागून सांगते." अव्वल कारकून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायला नाही म्हणेल हे जगात कुठे झालं आहे? कमलाकांतरावांनी काळा कोट चढवला. तो मामलेदारांचाच होता.

आणि काय सांगायचं, पहिला अंक असा रंगला! काशीबाईने दर्यावर फिर्याद सांगायला सुरुवात केली तेव्हा वाळूत बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. कित्येकींच्या घरचा एक तरी माणूस दर्याने कायमचा ठेवून घेतला होता. बांधकामावरचे कामगार मागे उभे होते, त्यांना शब्द निम्मेच कळत होते, पण तेही चूप. दुसऱ्या अंकात पोस्टातला बेलीफ समन्स घेऊन ओहोटीच्या मागे धावला तेव्हा लोक हसून आडवे झाले. नानासाहेबांनी छडी मांडीवरून खाली ठेवली. कमलाकांतरावांनी न्यायाधीशाच्या खुर्चीतून ते बरोबर टिपलं आणि त्यांची छाती कोटात मावेना. हे नाटक त्यांनी लिहिलं नव्हतं, त्यात गायले नव्हते, पण ते आहे हे जगाला त्यांनी सांगितलं होतं.

तिसरा अंक उघडला. रामकिसन पिंजऱ्यात उभा. काशीबाईने बोट रोखून पहिली ओळ उचलली, आणि किनाऱ्याकडून आरोळी आली:

"होड्या आल्याऽऽ!"

काशीबाई ओळ अर्धी सोडून मंचावरून खाली उतरली. उतरली म्हणजे उडीच मारली, नथीसकट. तिच्यामागे कोरस गेला. कोरसामागे प्रेक्षक. पोरं, म्हातारे, पाट्या, टोपल्या, कंदील, सगळं किनाऱ्याकडे निघालं. पुनवेला पाण्याला जोर असतो, पाण्याच्या ओढीवर भरणाऱ्या डोलीच्या जाळ्यांत मासळी पडते ती याच दिवसांत. अष्टमीच्या आसपास पाणी ढिलं पडतं, तेव्हा होड्या वाळूत आणि माणसं घरात रिकामी. हे दांडीतल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. पंचांग मात्र चांदण्यापुरतं उघडलेलं.

पडद्याआड हंसा वही घेऊन उभी होती. "हंसा, पाटी घे गो! बाबाची होडी हाय!" काशीबाईची हाक आली. हंसाने एकदा नानासाहेबांकडे पाहिलं, एकदा किनाऱ्याकडे. मग वही खुर्चीवर ठेवली, पाटी उचलली आणि गेली. रडली नाही. तिने रडायला हवं होतं, म्हणजे कमलाकांतरावांना बघवलं असतं.

मंचावर राहिले तिघं. पंचम धरून बसलेले दामूअण्णा, काळ्या कोटातले कमलाकांतराव आणि पिंजऱ्यातला दर्या.

"साहब," रामकिसन हळूच म्हणाला, "मुद्दई तो भाग गई. मैं छूट गया क्या?"

नानासाहेब उठले. छडी उचलली. "चुरी, दोन अंक चांगले होते. तिसरा नसेल तर माझा नाइलाज आहे. टांगा सांगा."

कमलाकांतरावांना सगळं एकदम उमगलं: 'पुनवेला नको', 'उधानात कशाला', आणि आपलं ते पोहण्यावरचं भाषण. त्यांचे कान तापले. पण कचेरीत घालवलेली वर्षं फुकट जात नाहीत. वादी गैरहजर म्हणजे दावा निकालात निघतो, हे खरं. पण वादी येऊ शकत नसेल तर कोर्टाला उठून जाता येतं! जागेवर जाऊन पाहणी करता येते! ते खुर्चीवर चढून उभे राहिले आणि आजवर मामलेदारांसमोर कधी लावला नव्हता असा आवाज त्यांनी लावला:

"हे कोर्ट स्थळपाहणीसाठी घटनास्थळी जात आहे! प्रतिवादीला हजर करा! पायपेटी उचला! आणि इथे हजर असलेल्या कोणीही इसमाने कोर्टाच्या परवानगीवाचून घरी जाऊ नये!"

शेवटचं वाक्य त्यांनी नानासाहेबांकडे बोट करून म्हटलं. नानासाहेबांनी आयुष्यभर नटांना दम भरला होता, त्यांना कोणी कधी भरला नव्हता. ते चालू लागले. टांग्याकडे नाही, किनाऱ्याकडे.

रामकिसनच्या माणसांनी पायपेटी उचलली. दामूअण्णा तिच्यावरून हात काढायला तयार नव्हते, म्हणून त्यांना स्टुलासकट उचललं. कमलाकांतराव ग्यासबत्ती घेऊन पुढे. नवे पंपशू वाळूत राहिले ते राहिलेच.

किनाऱ्यावर नुसता गलका. होड्या लागत होत्या, पाट्या भरून येत होत्या, बायका वाळूत बसून बोंबील एकीकडे, करंदी एकीकडे निवडत होत्या. कमलाकांतरावांनी नानासाहेबांना एका उपड्या टोपलीवर बसवलं आणि दर्याला दर्यातच उभं केलं, गुडघाभर पाण्यात.

"काशीबाई, तुमची फिर्याद!"

"सायेब, मावरा थांबत नाय, नासतो!"

"हात थांबवायला कोण सांगतंय? तोंड तर रिकामं आहे ना?"

काशीबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग बोंबील निवडता निवडताच तिने सोडलेली ओळ उचलली. कोरस तिच्या आजूबाजूला बसलेलाच होता. त्यांना मंचावर ताल चुकायचा, इथे हातांनीच ताल धरला. तालमीत नसलेल्या बायकाही गाऊ लागल्या, कारण गाणी मुळात त्यांच्यातच जन्मली होती. नुकता होडीतून उतरलेला, अंगाने निथळणारा वकील आपलं गाळलेलं भाषण करून गेला. खरा न्यायाधीश, हंसाचा बाप, जाळं ओढत "आता तुमीच चालवा" म्हणून ओरडला. रामकिसनने पाण्यातून उत्तर दिलं: "मैंने लिया, मैं ही देता हूँ, मेरे बस में क्या है, बाई?" तो गायला तेव्हा मागून खरी लाट आली आणि त्याला कमरेपर्यंत भिजवून गेली. पायपेटीचा पंचम चालूच होता.

आणि मग सगळे थांबले. निकाल न्यायाधीशाचा होता. कमलाकांतरावांना तो पाठ नव्हता, कारण तो प्रयोगातच ऐकायचा या हट्टाने त्यांनी तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान ना वाचलं होतं, ना तालमीत ऐकलं होतं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. हंसा डोक्यावर पाटी घेऊन लाटेतून येत होती. तिथूनच तिने शब्द सांगायला सुरुवात केली, आणि कमलाकांतराव एकेक शब्द मागून म्हणत गेले. "दर्या दोषी आहे. नेलेला माणूस परत देता येत नाही, म्हणून दंड नाही, कैद नाही." पुढचं हंसाने गाऊनच सांगितलं आणि तेही बेसूर का होईना, तिच्याबरोबर गायले:

"दिवसातून दोन वार येशील दारी,
पायाशी वाकून जाशील माघारी."

रामकिसनने हात जोडले आणि वाकला. पाणी चढत होतं. ते वाळूवरून आलं, निवडत बसलेल्या बायकांच्या पायांना लागलं आणि मागे गेलं. कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली आणि तिच्याबरोबर पुष्कळ जणी. काशीबाईनेही नथ सरळ करण्याच्या निमित्ताने डोळे पुसले.

नानासाहेब टोपलीवर बसून होते. त्यांचे बूट पाण्यात होते आणि शेवटची गाडी केव्हाच बोईसर सोडून गेली होती.

"लेखक कुठे आहे?" ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तामोरे? समोर आणा त्यांना."

अशा वेळी मंडळाच्या अध्यक्षाने दोन शब्द बोलायचे असतात. कमलाकांतरावांनी ते लिहूनही आणले होते, कोटाच्या खिशात, स्वतःच्या कोटाच्या, जो मंचावर राहिला होता. त्यांनी पट्टेवाल्यासारखा हात तोंडाला लावला आणि पाण्याकडे तोंड करून पुकारा केला:

"हंसा तामोरेऽऽ, राहणार दांडीऽऽ, तालुका पालघरऽऽ, हाजीर व्हाऽऽ!"

तीनदा पुकारला. रीत आहे तशी. हंसा पाटी ठेवून पुढे आली, हात खवल्यांनी चकाकत होते. नानासाहेब टोपलीवरून उठून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "संगीत बंद करायचं की नाही ते आता पुढच्या वर्षी बघू. यंदा हे ठाण्याला करायचं. निकालाचा एक शब्द बदलायचा नाही."

हंसाने मान डोलावली. मग ती कमलाकांतरावांकडे वळली आणि म्हणाली, "पण सायेब, तारीख मी सांगणार."

उन्हाळ्यात ठाण्याला प्रयोग झाला, अष्टमीला. दांडीचं निम्मं गाव आलं होतं. काशीबाईने ठाण्याच्या रंगमंचावर जाऊन पहिल्याच ओळीला नाट्यगृह गप्प केलं. पायपेटी तिथली होती, सगळे सूर वर येणारी. दामूअण्णांना ती पसंत पडली नाही. जाहिरातीत लेखिकेचं नाव मोठ्या अक्षरात होतं. मंडळाचं नाव आभारात, खुर्च्या पुरवणाऱ्यांच्या खाली. कमलाकांतरावांनी ते वाचलं, घडी घातली, आणि चंद्रकांताबाईंना म्हणाले, "बरोबर आहे. खुर्च्या जास्त होत्या."

पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हंसा प्रकाशात हात जोडून उभी होती. कमलाकांतरावांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि इथे तर खारा वारासुद्धा नव्हता. शेजारच्या खुर्चीतल्या ठाणेकर गृहस्थांनी आदराने विचारलं, "लेखिका तुमच्या कोण?"

कमलाकांतरावांनी चष्मा पुसला, ताठ बसले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या तालुक्याची!"